दहा पौंड कमी

ग्वाल्हेरला थाटीपुरात आमच्या दारासमोर बस थांबली तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. मी सगळ्यांच्या आधी खाली उतरले आणि उतरणारी डोकी मोजली. सत्तावीस. खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजली. सत्तावीस. शेजारणी ओवाळणीचं ताट घेऊन ताटकळलेल्या, उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं, नवी सून दारात उभी, आणि सासू काय करतेय तर बसच्या पुढच्या डाव्या चाकाला हात लावून बघतेय. गरम होतं, पण हात ठेवता येण्याइतकंच. मला इतकं बरं वाटलं की त्या धुळकट रबरावर मी दोनदा थोपटलं, मग हात धुतले आणि सुनेला ओवाळायला गेले.

उशीर कसा काय झाला, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्यामुळे. आता मला ओळखणाऱ्या माणसांनी हा शब्द माझ्या तोंडून आजवर ऐकलेला नाही. त्यामुळे जी ती हातातलं काम टाकून पुढचं ऐकायला थांबली. तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

माझं नाव शालिनी. थाटीपुरापासून हजीऱ्यापर्यंतची मराठी मंडळी मला शालिनीताई म्हणतात आणि बरीचशी मला वचकूनही असतात. असू देत. आमचं घराणं शिपाईगड्यांचं. कधी काळी दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. आमचे हे, सूर्याजीराव, तेही फौजेतच होते, गाड्यांच्या तुकडीत. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचे कपडे मी देऊन टाकले, बूट देऊन टाकले. एका वस्तूला मात्र कोणाला हात लावू दिला नाही. चाकातली हवा मोजायचा त्यांचा मीटर. पितळेचा, तळहातात मावेल एवढा, चामड्याच्या थैलीतला. तो माझ्या पर्समध्ये वेलदोड्याच्या डबीशेजारी असतो. लोक पर्समध्ये फोटो ठेवतात, मी मीटर ठेवते.

आणि मीटरबरोबर एक नियमही मी सांभाळला होता. उन्हाळ्यात हवा दहा पौंड कमी. हवा तापली की फुगते, फुगली की टायर फाटतं, म्हणून आधीच थोडी काढून टाकायची. ‘आमचे हे म्हणायचे,’ अशी सुरुवात करून मी हा नियम किती जणांना ऐकवला असेल! दूधवाल्याच्या टेम्पोला, कॉलनीतल्या शाळेच्या बसवाल्याला, पाहुण्यांच्या गाड्यांना. आमच्या छोट्या गाडीची दोन टायरं या चार उन्हाळ्यांत गेली. दोन्ही वेळा मी दुकानदाराशी जाऊन भांडले की तुमचा मालच हलका. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. फौजीच्या बायकोशी कोण वाद घालणार?

तर दिग्विजयचं, म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलाचं लग्न देवासच्या गरिमाशी ठरलं. मे महिन्यातला मुहूर्त. आम्ही थाटीपुरहून बत्तीस सीटची बस केली, तीच वऱ्हाड घेऊन गेली आणि तीच नव्या सुनेला घेऊन परत येणार होती. देवासला दोन दिवस मी काय काय बोलले ते आता आठवलं की कानाची पाळी गरम होते. पंगत दहा मिनिटं उशिरा बसली तर म्हटलं, ‘आमच्याकडे पाच मिनिटंसुद्धा इकडची तिकडे होत नाहीत.’ हार कोमेजलेले निघाले तर म्हटलं, ‘वेळेवर केलं असतं तर चूक झाली नसती.’ गरिमा माझ्याकडे बघायची ती शाळा तपासायला आलेल्या साहेबाकडे पोरं बघतात तशी. तिची आत्या सुधाताई पाठराखीण म्हणून आमच्याबरोबर निघाली होती. बाई मोठ्या गोड बोलायच्या, पण डोळे एका जागी ठरायचे नाहीत. ग्वाल्हेरला काय काय बघितलं याचा पुरा हिशेब देवासला पोचणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी सकाळी सहालाच आमचा ड्रायव्हर दौलतसिंह बसभोवती फेरी घालत होता. मुरैन्याकडचा, पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. सहाही चाकांची हवा त्यानं स्वतः मोजली, स्टेपनीचीसुद्धा मोजली, मग लाकडी दांडक्यानं मागच्या जोडचाकांना एकेक ठोका देत कान लावून आवाज ऐकला. मला ते आवडलं. पण कौतुक करून गप्प बसेन तर मी कसली!

“कितनी रखी है?” मी विचारलं.

“एक सौ दस, माताजी. सबमें बराबर.”

“मई का महीना है. दस पौंड कम करो. हमारे ये फौज में थे, गाड़ियों पर. गर्मी में हमेशा कम रखते थे.”

“नहीं माताजी,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही की कारण सांगितलं नाही. “ठंडे में नाप ली, पूरी है. पूरी ही रहेगी.” आणि त्यानं हत्यारांची पेटी बंद केली.

सुधाताई तिथंच उभ्या होत्या. हसल्या नाहीत, पण न हसण्याचे जे कष्ट त्यांनी घेतले ते मला दिसले. मी बसमध्ये जाऊन पुढच्या सीटवर बसले आणि गुना येईपर्यंत दौलतसिंहाच्या मानेकडे बघत धुमसत राहिले.

गुना ओलांडल्यावर एका ढाब्यावर जेवायला थांबलो. बारा वाजले होते. हवा अशी की श्वास घेतला तरी नाक पोळावं. मंडळी आत पंख्याखाली बसली. दौलतसिंह दोन पोळ्या खाऊन मागच्या खाटेवर डोळे मिटून पडला. मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर आले. बसची डावी बाजू भिंतीकडे होती, तिथं तेवढी सावली होती आणि ढाब्यातून तिकडचं दिसत नव्हतं. मी पुढच्या चाकाला हात लावला. चटका बसला. पर्समधून मीटर काढला, वॉल्व्हची टोपी फिरवून काढली आणि मोजलं. एकशे सव्वीस.

सकाळी एकशे दहा होती, दुपारी एकशे सव्वीस, आणि पुढे अजून तीन-चार तासांचा रस्ता. बसमध्ये माझा मुलगा, कालच लग्न लागलेली सून, नातलग, शेजारी. आणि हा माणूस खाटेवर घोरतोय! मला त्या क्षणी खरंच वाटलं की या सगळ्यांचा जीव माझ्या हातात आहे. पुढे कळलं की ते खरंच होतं, फक्त मला वाटत होतं त्याच्या बरोबर उलट्या बाजूनं.

मी मीटरच्या टोकानं वॉल्व्हची पिन दाबली. फुस्स. गरम हवा बोटांवर आली. मोजलं, पुन्हा दाबलं. एकशे दहावर आणली. मग नियम आठवला, आणि आणखी दहा कमी केली. शंभर. मग मागे जाऊन डावीकडच्या जोडीतलं बाहेरचं चाक घेतलं, तेही शंभरवर आणलं. उजवी बाजू करायची होती, पण तोवर मंडळी बडीशेप चघळत बाहेर आली. मी मीटर पर्समध्ये टाकला आणि पदरानं कपाळ पुसलं. सुधाताई म्हणाल्या, “उन्हाचं बाहेर कशाला उभ्या, ताई?” मी म्हटलं, “जरा हवा खात होते.” आणि स्वतःवर इतकी खूष झाले की बसमध्ये चढून सगळ्यांना वेलदोडे वाटले.

बस निघाली. दिग्विजय ड्रायव्हरशेजारच्या जागेवर जाऊन बसला, त्याला लहानपणापासून पुढे बसायचं वेड. गरिमा माझ्या शेजारी खिडकीशी. नवा शालू, हातभर चुडा, झोपेनं जड झालेले डोळे, पण सासूच्या शेजारी डुलकी काढायची हिंमत होत नव्हती बिचारीची.

अर्ध्या तासानं दौलतसिंह स्टिअरिंगवर हात घट्ट करत पुटपुटला, “बाईं तरफ़ खींच रही है.”

“क्या हुआ?” दिग्विजयनं विचारलं.

“कुछ नहीं भैया. गाड़ी थोड़ी बाएँ जा रही है. सुबह तो सीधी थी. शिवपुरी में उतरकर देख लेंगे.”

मी ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं. रस्ता खराब असेल.

मग थोडं पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रक तिरका उभा दिसला. त्याचं पुढचं चाक म्हणजे नुसती लोखंडी रिंग उरली होती. टायरच्या काळ्या पट्ट्या शंभर पावलं मागेपर्यंत रस्त्यावर विखुरलेल्या. कठडा मोडून ट्रकचं तोंड खाली उतरलेलं. ड्रायव्हर वाचला असावा, कारण तो दगडावर डोकं धरून बसलेला दिसला. दौलतसिंहानं वेग कमी केला, त्या पट्ट्या चुकवल्या.

“गर्मी से फटा होगा,” दिग्विजय म्हणाला. “हवा ज़्यादा भरी होगी.”

“ना भैया.” दौलतसिंहानं मान हलवली. “सब यही समझते हैं. ज़्यादा हवा से नहीं, कम हवा से फटता है. चलती गाड़ी में हवा का बढ़ना तो उसका काम है, टायर उसी हिसाब से बना है. कम हो तो टायर बैठता है, हर चक्कर में मुड़ता है, मुड़-मुड़के अंदर से जलता है. और लोग क्या करते हैं, गरम टायर नापा, देखा कि बढ़ गई, तो और निकाल दी. बस, मौत को न्योता.”

माझे हात गार पडले. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि माझे हात गार. गाडी डावीकडे का ओढते आहे ते मला कळलं होतं. त्या बसमध्ये ते मला एकटीलाच कळलं होतं.

बोलायला काय लागत होतं? एक वाक्य. पण ते वाक्य मला म्हणवेना. शेजारी सून, मागच्या सीटवर सुधाताई, त्यामागे अख्खं वऱ्हाड, ज्यांच्यातल्या प्रत्येकाची चूक मी कधी ना कधी चारचौघांत काढलेली. बाहेर मैलाचा दगड गेला, शिवपुरी ४१. मी स्वतःला म्हटलं, शिवपुरीला उतरून तो बघणारच आहे. चाळीस किलोमीटरचा तर प्रश्न. तोवर काही होत नाही. शिवपुरी ४०. कदाचित त्याला वाटेल की हवा आपोआपच गेली. कोणाला कळणारही नाही. शिवपुरी ३९. मी देवाचं नाव घेऊ लागले. मग माझीच मला लाज वाटली, की देवाला काय सांगतेस, ड्रायव्हरला सांग. शिवपुरी ३८. बसला एक हलका हिसका बसला आणि गरिमाचं डोकं झोपेत माझ्या खांद्यावर आलं. शेवटी तिचा डोळा लागला होता. तिच्या कपाळावरचं हळदीकुंकू माझ्या पदराला लागलं.

पंचवीस वर्षांच्या मुलीला तिच्या आईनं माझ्यावर विश्वास टाकून या गाडीत बसवलं होतं, आणि मी चूक कबूल करावी लागू नये म्हणून दगड मोजत बसले होते. इतकी किळस मला स्वतःची कधी आली नव्हती.

“दौलतसिंहजी, गाड़ी रोकिए!” मी ओरडले. “हवा मैंने निकाली है!”

दिग्विजय मागे वळला. दौलतसिंहानं मात्र मान वळवली नाही. त्यानं फक्त पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला.

“कौन से में से?”

“आगे का बायाँ. और पीछे का बायाँ, बाहर वाला.”

“कितनी छोड़ी है?”

“सौ. दोनों में. गरम थे तब.”

“कोई अपनी जगह से उठेगा नहीं,” तो म्हणाला. ब्रेक त्यानं दाबला नाही. बसचा वेग उतरत गेला, सत्तरवरून चाळीस, वीस, मग सायकलीसारखी ती रस्त्याच्या कडेनं सरकू लागली. पुढे अर्ध्या किलोमीटरवर कडुलिंबाच्या फांदीला जुनी टायरं टांगलेली दिसत होती, पंक्चरवाल्याचं दुकान. तेवढा अर्धा किलोमीटर जायला किती वेळ लागला देव जाणे. मी डोळे मिटून चाकाचा आवाज ऐकत होते आणि प्रत्येक फेऱ्याला वाटत होतं की आता, आता. काही झालं नाही. बस झाडाखाली जाऊन थांबली. इंजिन बंद झालं. मी डोळे उघडले आणि ढसाढसा रडले. भीतीनं नाही. सुटले म्हणून.

सगळे उतरले. मी मोजले. सत्तावीस. दौलतसिंहानं पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. सुधाताई पाण्याची बाटली घेऊन पुढे झाल्या. तो म्हणाला, “पानी नहीं डालना दीदी, अपने आप ठंडा होने दो. ठंडा होगा, फिर देखेंगे अंदर से जला तो नहीं, फिर भरेंगे.” दुकानाच्या मिस्त्रीनं आतल्या खाटा झाडाखाली ओढल्या, माठातलं पाणी दिलं.

आता माझी पाळी होती हे मला कळत होतं. दिग्विजय समोर उभा राहिला. “आई, तू ना... यार, एकदा पूछ तर लेती! सगळे होते गाडीत. गरिमा होती. तू स्वतः होतीस!”

“विचारलं होतं रे,” मी म्हटलं. “सकाळीच विचारलं होतं. ते नाही म्हणाले, म्हणून तर चोरून केलं. माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं.”

तो खाली बसला आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून राहिला. तेहेतीस वर्षांचा घोडा, पण त्याच्या पाठीवर हात ठेवल्यावर कळलं की तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

गरिमा बाजूला उभी होती. तिच्या तोंडावर राग शोधत मी वर पाहिलं तर ती चक्क हसू दाबत होती. “आई, एक बोलू?” ती म्हणाली. “दो दिन से मला एकच धास्ती होती, की तुमच्याकडे माझी एखादी चूक झाली तर काय होईल. आता जरा बरं वाटतंय.”

सुधाताईंना हसू आवरेना. त्यांच्या पाठोपाठ अख्खं वऱ्हाड हसलं. मीही हसले, डोळे पुसत पुसत. देवासला हिशेब जाणार तर जाऊ दे.

दौलतसिंह माझ्या समोर उकिडवा बसला. “मीटर दिखाइए माताजी, जिससे निकाली.” मी थैली दिली. त्यानं मीटर उलटसुलट करून पाहिला, काचेवरून अंगठा फिरवला. “बढ़िया चीज़ है. साहब कहाँ चलाते थे?”

“बहुत जगह. पर ये बाड़मेर में लिया था. वहाँ तीन साल थे.”

“रेत में?”

“रेत में ही तो. सड़क ही नहीं थी.”

“तो साहब ठीक करते थे,” तो म्हणाला. “रेत में हवा घटानी ही पड़ती है, नहीं तो गाड़ी धँस जाए. चक्का फैलता है तो रेत पर टिकता है. पर पक्की सड़क आते ही वापस भरते होंगे. भरते थे न?”

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

एकोणनव्वद साल, मे महिना. बाडमेरच्या क्वार्टरांतल्या आम्हा बायकांना वाळवंटातल्या एका देवीच्या दर्शनाला न्यायची परवानगी मिळाली होती आणि गाडी यांच्याकडे होती. मी पुढे बसले होते, नवीन लग्न, तोरा केवढा. डांबरी रस्ता संपला तिथं यांनी गाडी उभी केली, उतरले, आणि एकेका चाकाची हवा काढली. मी वरून बघत होते. का, ते मी विचारलं नाही. ऊन रणरणत होतं, मी माझं मीच ठरवलं की उन्हासाठी काढतायत. एवढंच मी पाहिलं होतं.

आणि परत येताना? परत येताना दमून माझा डोळा लागला होता. गाडी थांबल्यानं अर्धवट जाग आली. बाहेर पंपाचा आवाज चालला होता, भक भक भक. मी वैतागून म्हटलं होतं, “अहो, आता काय? किती वेळ?” खिडकीतून यांचा आवाज आला होता, “पाच मिनिटं. झोप तू.” आणि मी झोपले होते. चारही चाकांत हवा परत भरेपर्यंत झोपले होते. पुढे ग्वाल्हेरला निवृत्त होऊन आल्यावरही तेच. दर रविवारी पहाटे मी उठायच्या आत हे मीटर घेऊन खाली जायचे आणि गार टायरांची हवा बघून यायचे, आणि मी उठले की चहा तयार असायचा. उन्हाळ्यात दहा पौंड कमी, असं हे कधी म्हणालेच नव्हते. चार वर्षं मी त्यांच्या नावावर जे सांगत फिरले, ते मी एका दुपारी अर्धवट पाहिलेलं माझं स्वतःचं होतं.

“भरते थे,” मी दौलतसिंहाला म्हटलं. “मैंने देखा नहीं. मैं सो रही थी.”

त्यानं मान डोलावली, जशी काही ही रोजचीच गोष्ट आहे, आणि मीटर मला परत दिला.

दीड तासानं टायरं गार झाली. मिस्त्रीनं दोन्ही काढून आतून-बाहेरून हात फिरवून पाहिली, दौलतसिंहानं पुन्हा पाहिली. जळली नव्हती. “दस-पंद्रह मिनट और चलती तो कह नहीं सकते थे,” मिस्त्री म्हणाला. मी त्याला वेलदोडा दिला, दुसरं काय देणार! चाकं परत बसली. मंडळी एकेक करून बसमध्ये जाऊ लागली. गरिमाही जाऊन खिडकीशी बसली होती, डोळे मिटत होते. कॉम्प्रेसर सुरू झाला. भक भक भक.

“आता काय राहिलं?” तिनं आतून विचारलं.

दिग्विजय खाली खिडकीशी उभा होता. तो वर बघून म्हणाला, “हवा भरतायत. पाच मिनिटं. झोप तू.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेव्हा तर हा जन्मलाही नव्हता. बापाचा आवाज, बापाचे शब्द, तसाच चाकापाशी उभा राहून. मग मी खिडकीची काच वाजवली.

“गरिमा, झोपू नकोस गं. खाली ये.”

ती घाबरून उतरली. “काय झालं आई?”

“काही नाही. बघ फक्त. मी हे बघितलं नव्हतं.”

तिला काय कळलं कोणास ठाऊक, पण ती शालू सावरत माझ्या शेजारी चाकापाशी खाली बसली. मिस्त्रीनं नळी काढली. मी मीटर तिच्या हातात दिला, वॉल्व्हवर कसा धरायचा ते दाखवलं. चुडा किणकिणला, थोडी हवा फुसफुसली, मग काटा वर चढून थांबला.

“एकशे दहा,” तिनं वाचलं.

“पूरी है?” मी दौलतसिंहाकडे बघितलं.

“पूरी है माताजी.”

मागचं चाकही तिनंच मोजलं. तेही एकशे दहा. टोप्या मी माझ्या हातानं घट्ट बसवल्या. दौलतसिंहानं दांडक्यानं सहाही चाकांवर ठोके दिले, आम्ही दोघी त्याच्या मागे मागे फिरून ते आवाज ऐकले, सहा चाकांचे सहा, सगळे एकसारखे भरदार. मग बसमध्ये चढलो. बस रस्त्याला लागली, सरळ चालली, कुठेही ओढली नाही. मी मैलाचे दोन दगड जागेपणी पाहिले. नंतर गरिमाच्या खांद्यावर डोकं टाकून अशी झोपले की शिवपुरी कधी गेलं ते कळलं नाही. जाग आली ती थेट थाटीपुरच्या वळणावर.